नास्तिकाचा नारळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा नगरपंचायतीत 17 जागा आहेत. त्यातल्या एखाद्या जागेवर उद्या कुणी नास्तिक उभा राहिला, तर कायद्याची त्याला काडीचीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती नारळाची.

अर्ज भरायला निघताना नारळ, प्रचाराच्या पहिल्या फेरीला नारळ आणि निवडून आल्यावर नालीच्या भूमिपूजनालाही नारळ. वीस मीटर सिमेंटच्या नालीपुढे हळदकुंकू लावलेली कुदळ, शेजारी अगरबत्ती खोचलेलं केळं आणि मागे नालीहून लांब फ्लेक्स. इथे उमेदवार ‘मी नाही फोडत’ म्हणाला, की संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बातमी पोचते: ‘देव नाई मानत म्हने जी तो!’ मग त्याने पाण्यावर बोलावं, धानाच्या बोनसवर बोलावं की शेतात शिरणाऱ्या वाघावर, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो न फुटलेला नारळच. फोडला नाही ना? मग मतदार देतात.

घटनाकारांनी मात्र सोय करून ठेवली आहे. तिसऱ्या अनुसूचीत आमदार-खासदारांना दोन पर्याय दिले आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’. दुसरा शब्द उच्चारण्यापेक्षा देव मानणं सोपं, हा भाग वेगळा. इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक 1880 साली नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला आणि या शपथेपायी 1886 पर्यंत सभागृहाच्या दाराशी झगडत राहिला. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत होते, सभागृह पुन्हा पुन्हा बाहेर काढत होतं. आपल्याकडे उलटं आहे. सभागृहाचं दार सताड उघडं, पण तिथवर पोचवायला कुणी तयार नाही.

देवाने स्वतः मात्र एकदा निवडणूक लढवली आहे. 17 ऑक्टोबर 1949, संविधान सभा. मध्यप्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे आपला चंद्रपूर, तेव्हाचा चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता तिथूनच गेलेले ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, देवच का, देवी का नको? देवाला मतदानाला उभं करू नका, अशी काहींनी विनवणी केली. कामत हटले नाहीत. बाजूने 41, विरोधात 68. देव पडला! अनामत तेवढी वाचली, कारण एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली होती.

त्यानंतर देवाने वचपा काढला. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे देशभरात 33 हजारांच्या आसपास निघाले. त्यात महाराष्ट्र पहिला: 9,652. विधानसभेच्या 288 मतदारसंघांत वाटले, तर दर मतदारसंघी जेमतेम तेहतीस. तेहतीस कोटींसमोर तेहतीस.

त्यामुळे राजकारणात ‘नास्तिक’ ही भूमिका राहिलेलीच नाही, नुसता आरोप उरला आहे. एप्रिल 2022 मध्ये राज ठाकरे यांनी तो शरद पवारांवर केला. पवारांनी नास्तिकतेची बाजू घेतली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने नारळाची ताकद ओळखलेली नाही. बारामतीतल्या मंदिरात आपण प्रचाराचा नारळ फोडतो, हाच त्यांचा बचाव होता. पुढच्याच महिन्यात पुण्यात ते दगडूशेठ गणपतीपर्यंत गेले आणि मांसाहार झाला होता म्हणून बाहेरूनच हात जोडून परतले. एवढं सोवळं तर आस्तिकही पाळत नाहीत.

पण नास्तिकाची गरज कुणालाच पडत नाही असं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. मग पोलीस आले, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनाही गावाचा रस्ता मोकळा झाला. जो मांडवात नको, तो पंचनाम्यानंतर हवा. ज्या कायद्याने असे गुन्हे नोंदवले जातात, तो जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं विधिमंडळात धूळ खात होता. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, त्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. आमचा देवाला विरोध नाही, असं दाभोलकर जन्मभर सांगत होते. ते ऐकायला कुणाला सवड नव्हती.

आणि नास्तिकाच्या हाती नारळ येतो तो इथेच, प्रबोधनाच्या कार्यक्रमात. शाळेच्या पटांगणात सतरंजी, पुढे पोरं, मागे बाया, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सरपंच आणि बीट जमादार. कार्यकर्ता नारळ आपटतो, आतून लाल दोरा आणि काळे केस काढतो. सगळे श्वास रोखून बसलेले. मग हे सगळं आधीच आत कसं ढकललं होतं, तेही तो उलगडून दाखवतो. टाळ्या पडतात, जमादार आभार मानतो, पोरं पांगतात. कार्यकर्ता करवंटीचे तुकडे पिशवीत भरत असतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतली म्हातारी ओंजळ पुढे करते.

‘परसाद देत नाई का जी?’