अकोल्यातला कोआला

वऱ्हाडात गल्लीला एक तरी 'शब्दकाढे' काका सापडतातच. बहुतेक रिटायर झालेले. कुणी झेडपीत हेडक्लार्क होते, कुणी जिनिंगमध्ये दिवाणजी, कुणी प्रायमरीत गुरुजी. अमरावतीच्या राजकमल चौकात इंग्रजी पाटीखाली मान वर करून, ओठ हलवत उभा असलेला माणूस दिसला तर त्याला पत्ता विचारू नका. दुकानात काय मिळतं ते त्याला ठाऊक नसतं. पाटीच्या अक्षरांतून किती शब्द निघतात, ते मात्र तोंडपाठ असतं.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत हे गृहस्थ हमखास भेटतात. खिडकीतून शेतं पाहत नाहीत, स्टेशनांच्या पाट्या पाहतात. कुरुम आलं की "यातून रम निघते" असं हळूच सांगतात, कारण शेजारी बायको असते. मग कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला गाठतात.

"सांगा बरं भाऊ, मूर्तिजापुरातून काय निघते?"

"निघे ना काका, यवतमाळची शकुंतला निघे. आता बंद हाय."

"तसं नाई हो! स्पेलिंगमधून! आर्मपिट निघते. तेच उलटंपालटं केलं का इम्पार्ट!"

समोरचा कडीवरचा हात मुकाट्यानं खाली घेतो.

या काकांचे दोन पंथ आहेत, अमरावतीचा आणि अकोल्याचा. अमरावतीकर म्हणतात, आमच्या गावात तीन ए आहेत, म्हणून आमच्या पोटी 'अवतार' आहे. इंग्रजांच्या डिक्शनरीतही तो आहे, पाहून घ्या. अकोलेकर ऐकून घेतात, विडा डाव्या गालातून उजव्या गालात नेतात आणि म्हणतात, "पण एम अन् आय उरले ना बाप्पा! आमचं पाहा. अक्षरं पाच, पाचही खर्च. कोआला! शिल्लक शून्य." यावर अमरावतीकडे उत्तर नाही. कोआला अकोल्यात कुणी पाहिलेला नाही. पण तो दिवसातले अठरा-वीस तास झोपून काढतो असं कळलं, की मे महिन्यातल्या अकोल्याशी त्याचं नातं पटू लागतं.

काकांचं खरं दुखणं 'ई' हे अक्षर. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार आर्किटेक्टनं 1930च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्या हिशेबानं एक खेळ बेतला. पुढं 1948 साली त्याचंच स्क्रॅबल झालं. शंभर सोंगट्यांत बारा ई, नऊ ए. आता आपली गावं बघा. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम: ए पोत्यानं, ई औषधालाही नाही. बडनेऱ्यात तेवढा एक आहे, म्हणून तिथं ब्रेड मिळतो, बिअर्डही मिळते. काकांनी बट्सचं नाव ऐकलेलं नसतं, पण बडनेऱ्याचं महत्त्व त्यांना कळलेलं असतं. लोकांना ते जंक्शनमुळं वाटतं.

लग्नात मात्र त्यांना पत्रिकेपासून लांब ठेवावं. नवरदेवाचं नाव प्रशांत असेल तर काका पंगतीत, वाढप्याला बुंदी थांबवायला लावून, 'ट्रॅश' काढून दाखवतात. वरपक्षात इंग्रजी कळणारा एखादा असतोच.

स्वतः काकांना इंग्रजी कळतं का? नातवाच्या शाळेचं सर्क्युलर हातात दिलं तर त्यातून रेल काढतील, कर्ल काढतील. फी भरायची शेवटची तारीख आजी शोधते. बँकेचा फॉर्म भाचा भरतो. इंग्रजीत एक आख्खं वाक्य बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. यावरून हसू नये, असं माझं मत आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं शब्दांची यादी पाठ केली होती. हे सांगितल्यावर एका काकांनी शांतपणे विचारलं, "त्याच्या गावाचं स्पेलिंग काय?"

दहावीच्या इंग्रजी पेपरानं या मंडळींना पुन्हा कामाला लावलं आहे. पहिल्याच प्रश्नात एक लांबलचक शब्द देतात आणि त्याच्या अक्षरांतून चार शब्द करायला सांगतात, प्रत्येक किमान तीन अक्षरांचा. मार्क दोन. परीक्षा जवळ आली की काकांच्या ओट्यावर पोट्टे जमतात. "एस दिसला का सोडू नोको बे! कॅट लिवला का पुढं कॅट्स लिव. एकात दोन!" पोट्टे वह्यांत उतरवून घेतात. चिखलदऱ्यातून रॅडिकल निघतो हेही काका शिकवतात. रॅडिकल म्हणजे काय, असं एखादीनं विचारलं तर म्हणतात, "अर्थाले मार्क नाईत, पोरी."

घरात दहावीचं पोट्टं असेल तर फेब्रुवारीत त्याला चार दिवस काकांकडे बसवा. ते दोन मार्क कुठं जात नाहीत. निबंधासाठी मात्र दुसरा माणूस पाहा.