नानांची बाटली

इंदापूर तालुक्यात पेरूची बाग असलेला माणूस घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी बाटली दाखवतो. पाहुणा पुण्याचा असेल तर दचकतो, बारामतीचा असेल तर खुर्ची पुढे सरकवतो. बाटली निघते प्लॅस्टिकची, बागेत फांदीला तारेने टांगलेली, आणि तिच्या तळाशी दोन बोटं जाडीचा मेलेल्या माश्यांचा थर. पाहुण्याने तो न्याहाळून "बाप रे" म्हणायचं असतं. एवढं झालं की चहा येतो.

हा माणूस लासुर्ण्याकडचा असेल, कळसचा असेल किंवा निमगाव केतकीच्या पानमळ्यांशेजारचा असेल. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत साहेब, दादा, भाऊ, मामा यांपैकी काहीही म्हटलं तरी ऐकणारा भलत्याच पुढाऱ्याचा अर्थ घेतो, म्हणून त्याला आपण नाना म्हणू. नानांनी आधी ऊस केला, मग डाळिंब. डाळिंबावर तेल्या आला, झाडं मर रोगाने बसली, तेव्हा त्यांनी पेरू धरला. पेरूवर तेल्या येत नाही, एवढं त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. काय येतं, ते विचारायचं राहून गेलं.

येते ती फळमाशी. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. घरातल्या माशीपेक्षा अंगाने किंचित मोठी, पाठीवर पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची काळी खूण, पारदर्शक पंखांच्या कडेला बारीक काळसर किनार. पहिल्यांदा पाहणारा तिला गांधीलमाशीची धाकटी बहीण समजून मागे सरतो. वास्तविक माणसाला चावायचं तिच्याकडे काही साधन नाही आणि तेवढा वेळही नाही. तिच्या बरोबरीने बागेत झोनाटा आणि करेक्टा या तिच्या चुलत बहिणीही वावरतात. म्हणजे भावकी तिलाही आहे. फरक इतकाच की तिच्या भावकीत बांधावरून कोर्टकचेरी होत नाही.

१९१२ साली फ्रीडरिख हेंडेल या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने तैवानमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन शास्त्रात नोंदवलं. हे नानांच्या कानावर आलं, त्या दिवसापासून ते छातीठोकपणे सांगतात की ही माशी 'तैवान पिंक' पेरूच्या रोपांबरोबर आली. खरं तर ती इथली जुनी रहिवासी आहे. आंबा, चिकू, सीताफळ, बोर यांच्यावर तिचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. नुसती नोंद तिकडे झाली. नोंद एकीकडची आणि मूळ दुसरीकडचं, असा घोळ पेरूतही आहेच. 'लखनौ ४९' नावाने आपण जो सरदार पेरू खातो, त्याची निवड डॉ. चीमा यांनी १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत केली. नानांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पुण्याचा पेरू लखनौचा आणि इंदापूरची माशी तैवानची. मग आपलं काय?" याला उत्तर देणं अवघड आहे.

आता बाटलीकडे वळू. तिच्यात वडी असते मिथिल युजेनॉलची. हा वास फळमाशीच्या नराला इतका प्रिय की तो त्यासाठी अर्धा-अर्धा किलोमीटर वाट तुडवत येतो. शोध लागला तो थोडा गमतीने. बिहारात पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास पळावेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरलं. डासांचं काय झालं कोण जाणे, फळमाश्यांनी मात्र त्याला घेरलं. हाउलेट यांनी १९१२ मध्ये ते लिहून ठेवलं आणि पुढे १९१५ मध्ये त्यामागचा पदार्थ मिथिल युजेनॉल असल्याचं दाखवलं. हाच पदार्थ तुळशीतही असतो. त्यामुळे नानींच्या वृंदावनापाशी सकाळी ज्या पट्टेरी माश्या घुटमळतात, त्या भक्तीने आलेल्या नसतात. त्या सगळ्या नर असतात.

नराचं या वासावर एवढं का जडावं, याचं उत्तर लग्नाच्या बाजारात आहे. नर मिथिल युजेनॉल चाटतो, पोटात त्याचं रूपांतर करतो आणि शरीराच्या मागच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत अत्तर म्हणून साठवतो. दिवस कलला, उजेड मंदावला की हे नर झाडाच्या पानांखाली जमतात, प्रत्येक जण आपलं एक पान धरून बसतो, पंख थरथरवतो, आणि अत्तर हवेत सोडतो. दुसरा कोणी त्या पानावर आला तर धक्काबुक्की होते. माद्या येतात, चार पानं फिरून पाहतात आणि एकाला पसंत करतात. ज्याने मिथिल युजेनॉल खाल्लेलं असतं त्याला पसंती जास्त मिळते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. नेमक्या त्याच वेळी गावात पारावरही जमाव झालेला असतो, तिथेही प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माद्या तेवढ्या येत नाहीत.

म्हणजे नानांच्या बाटलीत जो थर साचतो, तो लग्नाच्या तयारीला निघालेल्या आणि अत्तराच्या दुकानातच गतप्राण झालेल्या नवरदेवांचा. मादी त्यात जवळजवळ नसतेच. पेरू नासवते ती मादी.

हे नानांना कृषी सहायकाने तीनदा सांगितलं आहे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तिथल्या फलकावरही त्यांनी वाचलं आहे. फलकाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पण नानांचं तर्कशास्त्र वेगळं आहे. "नरच नाही राहिला, तर ती एकटी काय करणार?" हा त्यांचा सवाल. वरवर पाहता बिनतोड. अडचण अशी की एक नर एकापेक्षा जास्त संसार थाटतो. दहातले नऊ बाटलीत गेले, तरी दहावा सगळ्यांची कामं उरकायला समर्थ असतो. शिवाय शेजारच्या बागेतून आलेली मादी लग्न उरकूनच आलेली असते. तिला नानांच्या नरांची गरज नसते, फक्त पेरूंची असते.

मादीची दिनचर्या नानांनी कधी पाहिली नाही, कारण ती बाटलीत येत नाही. कोशातून निघाल्यावर तिला लगेच अंडी घालता येत नाहीत; आठवडाभर तरी तिला खुराक लागतो. पिठ्या ढेकणांनी सोडलेला गोड चिकटा, पिकल्या फळांचा रस, पक्ष्यांची विष्ठा असं मिळेल ते ती चाटते. अंगात प्रथिनं भरली की ती कामाला लागते. पेरूचा गर्द हिरवा रंग फिकट पोपटी व्हायला लागला की ती फळावर उतरते, फिरून पाहते, आणि पोटाच्या टोकाची सुई सालीखाली घालून तांदळाच्या कणीसारखी बारीक, पांढरी अंडी एकगठ्ठा ठेवते. आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालण्याची तिची ऐपत असते. बाहेरून दिसतं फक्त एक टिंब. व्यापाऱ्याला ते दिसतं, नानांना दिसत नाही. दर ठरवण्याच्या दिवशी यावरूनच वाजतं.

दीड-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गराच्या आत सात-आठ दिवस जेवत राहतात. फळ आतून मऊ पडतं, गळतं. मग अळी बाहेर येते, शरीराची कमान करते आणि टुणकन उडी मारते. पुण्यात पेरू कापून मीठ-तिखट लावायला घेतलेल्या गृहिणीच्या पुढ्यात ही उडी पडली की त्या घरात वर्षभर पेरू येत नाही. बागेत मात्र ती जमिनीवर पडते, चार-पाच सेंटिमीटर खोल मातीत शिरते, कोश करते. पावसाळ्याच्या दिवसांत साधारण तीन-चार आठवड्यांत अंड्यापासून नवी माशी तयार.

थोडक्यात, झाडाखाली पडलेला प्रत्येक सडका पेरू ही पुढच्या पिढीची शाळा. म्हणून तज्ज्ञ मंडळी घसा कोरडा करून सांगतात की गळालेली फळं रोज वेचा आणि खोल पुरा, नाहीतर काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. नाना हे ऐकतात, मान डोलावतात आणि फळं गोळा करवून बांधाच्या पलीकडे टाकतात. पलीकडे चुलतभावाची बाग आहे. चुलतभाऊही अशिक्षित नाही. तो आपली फळं बांधाच्या अलीकडे टाकतो. दोघांच्या बागेत मिळून माशीचा एक संयुक्त प्रकल्प चालतो, आणि त्यावरून दोघांचा अबोला आहे.

पश्चिम पॅसिफिकमध्ये रोटा नावाचं छोटं बेट आहे. १९६०च्या दशकात तिथे मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक शोषलेले ठोकळे विमानातून बेटभर टाकले आणि ही माशी नाहीशी केली. जपाननेही आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवरून १९८६पर्यंत तिचा बीमोड केला. नानांना ही उदाहरणं तोंडपाठ आहेत, वडीवर विश्वास बसला तो त्यांच्यामुळेच. पण बेटावर चहूबाजूंनी समुद्र होता आणि सापळे सगळ्या बेटावर होते. नानांच्या चहूबाजूंना भावकी आहे. कृषी सहायकाने एकदा सुचवलं होतं की दोन्ही बागांनी एकाच दिवशी, एकाच संख्येने सापळे लावावेत. नानांची हरकत नव्हती, फक्त आधी त्याने लावावेत. चुलतभावाची अटही हीच होती. वर नानांना असा दाट संशय आहे की चुलतभावाने बांधालगत सापळा टांगला तो माशी मारायला नव्हे, तिकडची माशी इकडे ओढायला. एवढ्या लांबून येणारा वास पाहता हा आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही.

बहाराच्या बाबतीत नाना जास्त समंजस आहेत. आंबे बहार धरला की फळं पावसाळ्यात येतात, तेव्हा माशीची जत्रा असते आणि फळ पाणचट लागतं. मृग बहार धरला की फळं थंडीत येतात, माशी कमी, गोडी जास्त. त्यासाठी उन्हाळ्यात झाडांना पाण्याचा ताण द्यावा लागतो. पण नीरा डाव्या कालव्याच्या टेलला राहणाऱ्या माणसाला ताण देण्याचा सल्ला देणं म्हणजे चेष्टाच. "आम्हाला ताण द्यावा लागत नाही," नाना म्हणतात, "पाटबंधारे खातं घरपोच देतं."

पिशव्यांचा उपाय मात्र पक्का आहे. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर फोमची जाळी, वरून पिशवी. माशीची सुई आत पोचतच नाही. इंदापूर तालुक्यातल्या कित्येक बागा लांबून पाहिल्या तर पेरूंनी लगडलेल्या न वाटता पांढऱ्या पुड्यांनी सजवलेल्या वाटतात. नानाही पिशव्या घालतात, पण बाया मिळेपर्यंत फळ पोपटी झालेलं असतं आणि माशी येऊन गेलेली असते. मग तिची पिलं फोमच्या गादीवर, पिशवीच्या आडोशाला, ऊनवारा न लागता वाढतात. पिशवीचे पैसे नानांनी भरलेले असतात.

२०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली, कारण मालात फळमाश्या सापडल्या. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली. बंदी आली तेव्हा कोकणात हाहाकार झाला होता. नाना मात्र हा प्रसंग सांगताना काहीसे ताठ बसतात. "आपल्या माशीने युरोपचं दार बंद केलं," असं म्हणताना शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्या आवाजात तक्रार नसते.

गेल्या दोन हंगामांत नानांचं नुकसान खरोखर घटलं. शिवारफेरीला आलेल्या मंडळींनी कारण विचारलं तेव्हा नानांनी वडी किती दिवसांनी बदलायची, बाटली किती उंचीवर टांगायची, सावलीत की उन्हात, याचं अर्धा तास निरूपण केलं. दोघा-तिघांनी टिपून घेतलं. कुणाच्या लक्षात आलं नाही की बांधापलीकडे फळं जाणं थांबलं आहे. नानींनी दोन शेळ्या घेतल्यापासून पहाटे पाटी घेऊन त्या स्वतःच बागेत फिरतात, रात्री गळालेली सगळी फळं वेचतात आणि अळ्यांसकट शेळ्यांना घालतात. चुलतजावेशी त्यांचं बोलणं आहे, त्यामुळे तिकडची फळंही त्याच पाटीत येतात. फळमाशीचा त्यांनी विचार केलेला नाही. निरूपण संपल्यावर त्यांनी ओट्यावरून कृषी सहायकाला एवढंच विचारलं, की पुढच्या बहारालाही फळं अशीच गळतील ना, कारण काळी शेळी दिवाळीला विणार आहे.