नऊ क्विंटल खर्रा

वीस रुपयांचा तंबाखूचा खर्रा, दिवसाला तीन. दिवसाचे साठ, वर्षाचे २१,९०० रुपये. २०२५-२६च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. भागाकार करा. नऊ क्विंटलांहून जास्त धान होतं. म्हणजे जवळपास अर्ध्या एकराची रोवणी, निंदण, कापणी आणि मळणी एका माणसाने वर्षभरात चघळून थुंकली. तोंडाच्या कर्करोगाच्या उपचाराचा खर्च यात धरलेलाच नाही.

गोंदिया जिल्ह्यात घरखर्च धानातच मोजला पाहिजे. रुपयांत वीस किरकोळ वाटतात. पोत्यांत मोजले की घरातल्या सगळ्यांना कळतं.

‘महिन्याचं बजेट करा’ हा सल्ला पगारदारांचा. तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत शेतकऱ्याच्या घरी मोठी रक्कम वर्षातून एकदा येते, पाणी असेल तर उन्हाळी धानाची दुसऱ्यांदा. मधल्या काळात मोहफुलं, तेंदूपत्ता, रोजंदारी. पैसा हंगामाला येतो आणि खर्च रोज होतो. ही दरी आपण एका वाक्याने भरतो : ‘धान आल्यावर देतो.’ जिल्ह्यातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. खत उधार, किराणा उधार, मोबाईल हप्त्यावर. उधार घेणाऱ्याला भाव करता येत नाही. कापणी होताच घेणेकरी दारात उभे राहतात, आधारभूत खरेदी केंद्राकडून मिळणाऱ्या चुकाऱ्यांची वाट बघायला सवड नसते आणि धान हमीभावाखाली खासगी व्यापाऱ्याला जातं. उधारीचं व्याज असं भावातून कापलं जातं, म्हणून ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

चुकारे उशिरा देणं हा शासनाचा दोष आहे आणि तो ठणकावून सांगायलाच हवा. पण ‘अचानक खर्च आला’ ही सबब शासनाची नाही, आपली आहे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा येते, लेक-जावई येतात, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं. जूनला शाळा उघडते. जुलैत रोवणीची मजुरी द्यावी लागते. यातलं अचानक काय आहे? मंडई जरूर करा, मनापासून करा. झाडीपट्टीचं ते वैभव आहे. फक्त तिचा पैसा मागच्या हंगामात बाजूला काढलेला असू द्या.

तशीच बोनसची गोष्ट. २०२४-२५च्या हंगामासाठी धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर झाले. जाहीर होणं आणि खात्यात जमा होणं यांत महिने जातात. जाहीर झालेल्या पैशावर गाडी बुक करू नका.

आता व्याज. ‘शेकडा तीन’ ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे छत्तीस टक्के झाले. हप्त्यावरच्या कर्जात ‘फक्त बारा टक्के फ्लॅट’ सांगतात. पन्नास हजार दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज बारा हजार. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर लागतं. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : घटत्या शिलकीवर किती?

आणि याच राज्यात मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी पडतं. ते आपण थकवतो, कारण ‘माफी येईल’. २००८ला आली, २०१७ला आली, २०१९ला आली. त्या भरवशावर बिनव्याजी कर्ज थकतं, बँक पुढच्या हंगामाला उभं करत नाही आणि पाय शेकडा तीनवाल्याकडे वळतात. माफी येईल की नाही ते मुंबई-दिल्लीत ठरतं. तोवरचं व्याज मात्र आपल्या घरातून जातं.

या सगळ्यावरचा उपाय शिकायला दूर जायची गरज नाही. तो आपल्याच घरात नांदतो. गावोगावी महिला बचत गट आहेत. त्यांची पंचसूत्री साधी आहे : नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड, अद्ययावत हिशेब. शंभर रुपयांची बचतही रजिस्टरात चढते. कर्ज कुणाला, कशासाठी, हे सगळ्यांसमोर ठरतं. गटाचं रजिस्टर चोख ठेवणाऱ्या त्याच बाईला आपल्या घरच्या सातबाऱ्यावर किती बोजा आहे, कृषी केंद्रात किती उधारी आहे, हे मात्र बहुतेक वेळा माहीत नसतं. कुणी सांगत नाही. घर चालवणारीपासून घराचं कर्ज लपवणं, ही बजेट बुडवणारी पहिली सवय. बाकी सगळ्या तिच्या आडोशाने वाढतात.

पुढचे चुकारे जमा होतील त्या दिवशी पासबुक आणि सातबारा, दोन्ही तिच्यासमोर ठेवा. वाटणी तिथेच बसून करा. आधी पीक कर्ज, मग रोवणी, मग शाळा, मग मंडई. एवढं बाजूला काढून जे उरेल, तेवढंच खर्चाचं.