एकटे दाजी

आमचे दाजी परदेशात एकटेच फिरतात. ‘ग्रुप टूर म्हणजे कोंडवाडा. शिट्टी वाजली की उतरा, शिट्टी वाजली की चढा,’ असं म्हणतात आणि निघताना ताईकडून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन माकडटोप्या आणि ‘पोचल्यावर फोन करा’ ही ताकीद घेऊन निघतात. फोन मात्र पोचायच्या आधीच सुरू होतात.

परवाच्या डिसेंबरात ते प्रागला गेले. ‘हिवाळ्यात कोण जातंय? हॉटेल स्वस्त, गर्दी नाही. अभ्यास पाहिजे!’ हे शेवटचं त्यांचं पालुपद. अभ्यास म्हणजे एक प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात ट्रॅमचे नंबर, नकाशे आणि तिथल्या क्राउनचे रुपये करायला स्वतः लिहिलेला चारचा पाढा.

चार्ल्स पुलाचा पहिला दगड चौथ्या चार्ल्स राजाने 1357 साली, जुलैच्या 9 तारखेला, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी बसवला असं तिथे सांगतात. 1, 3, 5, 7, 9 आणि तसंच उलट 7, 5, 3, 1, असा आकडे जुळवून काढलेला मुहूर्त. मुहूर्त पाळणारा राजा म्हटल्यावर दाजी हेलावले. बरोब्बर 5:31 ला पुलावर हजर! आपल्याकडे सकाळचे दहा; ताईचे हात कणकेत.

‘दिसतोय का पूल?’

‘दिवे दिसतायत हो. पूल कुठाय?’

‘अगं, दिव्यांच्या मधे! मी उभा आहे त्यावर!’

डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, हे फाइलमध्ये नव्हतं. तोवर दाजींनी कुडकुडत पुलावरचे तीसच्या तीस पुतळे मोजले.

फोटो काढायला ते माणूस पारखून घेतात. एखादी गरीब चेहऱ्याची आजी दिसली की फोन तिच्या हातात, आणि वर खुणांनी सूचना: चर्चचं टोक आलं पाहिजे, आणि बूट कापायचे नाहीत. बूट नवीन असतात.

जुन्या शहराच्या चौकात ‘नसलेली’ गर्दी खचाखच भरली होती. नाताळचा बाजार! 1410 सालच्या खगोल घड्याळाखाली सगळ्यांचे फोन वर. तास भरला, सांगाड्याने घंटा ओढली, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून गेले, शेवटी सोनेरी कोंबडा आरवला. शेजारचा गाइड सांगत होता, असं घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून कारागीर हानुशचे डोळे काढले. दाजींनी फुकट ऐकलं आणि फुकट दुरुस्तही केलं: ‘दंतकथा! घड्याळ मिकुलाशचं. अभ्यास पाहिजे!’

त्यांचा खरा जीव जडला तो बाल येशूवर. 1628 साली एका सरदारीणबाईंनी मठाला दिलेली मेणाची इवलीशी मूर्ती. तिला सणावारांप्रमाणे झगे बदलतात. जगभरातून आलेले झगे वरच्या मजल्यावर मांडलेत. फोनवर ताई इतका वेळ कधी बोलली नव्हती. ‘एवढ्या थंडीत कुंची नाही घातली त्याला?’

‘मुकुट आहे गं.’

‘मुकुटाने कान झाकतात होय?’

दाजींनी नकळत स्वतःची माकडटोपी खाली ओढली.

चार वाजता तिथे अंधार पडतो. फाइलमधली ठिकाणं संपलेली, हॉटेलवर जाऊन एकट्याने काय करायचं? आपल्याकडे साडेआठ, आम्ही सगळे जेवायला बसलेले, ताटांशेजारी फोन स्पीकरवर.

‘काय घेताय हातात?’

‘काढा गं. लवंग, दालचिनी घातलेला. इथे घसा धरतो ना.’ एक अक्षर खोटं नाही. फक्त तो काढा तांबड्या वाइनचा असतो, तेवढं सांगायचं राहिलं. दुसऱ्या पेल्यानंतर दाजी शेजारच्या जोडप्याला मराठीतून ट्रॅमचं तिकीट पंच कसं करायचं ते समजावायला लागले.

‘काढा चांगलाच लागू पडलेला दिसतोय,’ ताई म्हणाली. ‘पुढच्या वर्षी मीही येते. मलाही खोकला आहे.’

‘ये की!’ दाजी खुशीत म्हणाले. ‘पण आधीच सांगतो, मी एकटाच फिरतो हं.’