पाऊणकी

डॉक्टरांनी मला ‘जरा आराम करा’ असं सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला आराम संपला. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला नुसता आराम जमत नाही, त्याला वेळापत्रक लागतं. मी कागदावर रकाने आखले. पहाटे ५:५०, प्रस्थान. ९:३० ते ११:३०, समुद्रकाठी आराम. १ ते ३:४५, सुरूच्या सावलीत आराम (आडवा). नंतर चहा आणि परत. तळाला दुहेरी रेघ मारून बेरीज मांडली : एकूण आराम ४ तास ४५ मिनिटं.

बायकोने कागद पाहिला. ‘‘शनिवारी संकष्टी आहे,’’ एवढंच म्हणाली.

‘‘मग जेवणाचा अर्धा तास वाचेल,’’ मी म्हणालो आणि तो अर्धा तास आरामात जमा केला.

तिच्या त्या तीन शब्दांत शनिवारच्या सगळ्या संकटाचं उत्तर होतं. ते मला समजायला अजून चार दिवस आणि एक ट्रॅक्टर लागायचा होता.

गाव ठरलं अक्षी. अलिबागपासून चार-पाच किलोमीटर. तिथे एक हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे आणि इतिहास शिकणाऱ्या आमच्या कन्येला तो बघायचा होता. मला बघायचा होता साडूचा पराभव. साडूंनी मागच्या महिन्यात आपली नवी गाडी थेट पुळणीवर उभी करून, मागे लाटा, पुढे स्वतः, असा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली १७ अंगठे. मी मोजले होते. अठराव्यासाठी निघालेला माणूस आरामाला चाललाय असं त्याच्या डॉक्टरला वाटत होतं.

वडखळला जे होतं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. पाऊण तास आम्ही एका ट्रकच्या मागचे विचार वाचत बसलो. पुढे रस्त्याकडेला अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून टांगलेला होता. भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला गोडसर. मी दोन माळा घेऊन मागच्या सीटवर ठेवल्या.

‘‘आज संकष्टी आहे,’’ मागून आवाज आला. ती कांद्यांशेजारी बसली होती.

अलिबागेत शिरताना कन्येने चुंबकीय वेधशाळा दाखवली. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिचकणार म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं काम इकडे हलवलं. सुईचीही तब्येत मुंबईत बिघडते आणि तिलाही अलिबागेस पाठवतात, हे ऐकून मला बरं वाटलं. अलिबागेवरून चेष्टा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही गेली होती. २०१९ साली ती फेटाळली गेली. पुराव्यात माझा शनिवार जोडला असता तर निकाल वेगळा लागता.

अक्षीचा दगड आम्ही दहा मिनिटांत पाहिला. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. वाचनाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य दिल्याची ती नोंद आहे. मी ३४ वर्षांत लाखो नोंदी केल्या, त्यातली एकही दगडावर नाही. एकूण पाहता तेच बरं.

‘‘आणि बाबा, राजाला यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय,’’ कन्या म्हणाली.

हे तिने सांगायला नको होतं. ते बिरुद माझ्या डोक्यात शिरलं आणि तसाच मी गाडी पुळणीकडे घेऊन निघालो.

सुरूच्या बनातून वाट उतरते तिथे फलक आहे : किनाऱ्यावर वाहनं नेण्यास मनाई. मराठीत आहे, अक्षरं हातभर आहेत, आणि मी नुकताच हजार वर्षांपूर्वीचं मराठी कळल्यासारखी मान हलवून आलो होतो.

‘‘अहो, फलक.’’

‘‘तो रविवारच्या गर्दीसाठी असतो.’’

पुळण अशी टणक की चाकांचा ठसाही उमटेना. फोटो निघाला. पण फोटोत समुद्र लांब, बारीक पट्टीएवढा. साडूंच्या फोटोत लाटा त्यांच्या डोक्याशी होत्या. ‘‘थोडं पुढे घेतो,’’ मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले बहुतेक मोठे खर्च याच तीन शब्दांनी सुरू झाले आहेत.

गाडी थोडी पुढे गेली आणि बसली. अगदी म्हशीसारखी, सावकाश, समाधानाने. मी रेस दिली. चाकं फिरली, गाडी जागची हलली नाही. आणखी रेस दिली. मुद्दल तिथेच, व्याज तेवढं चढतंय, असा तो व्यवहार होता. ओल्या वाळूचं असं आहे : वरून सरळ गेलात तर ती फरशी, एका जागी चाक फिरवलंत तर लापशी. मी उत्साहाने लापशी ढवळत होतो.

रिकाम्या किनाऱ्यावर माणसं कुठून उगवतात कोण जाणे. घोडागाडीवाला आला, शेंगावाला आला, पुण्याचं एक कुटुंब पेरू खात आलं. एक म्हणाला रिव्हर्स घ्या. दुसरा म्हणाला फर्स्ट टाका. तिसरा म्हणाला टायरमधली हवा कमी करा. पेरूवाले गृहस्थ म्हणाले, ‘‘मुळात आणायलाच नको होती,’’ आणि हा सल्ला त्यांनी तीन वेळा दिला. मी सगळ्यांचं ऐकलं, आलटून पालटून. प्रत्येक सल्ल्यानंतर गाडी चार बोटं खाली गेली. कुरव पक्ष्यांचा एक थवा जरा अंतर राखून उभा होता. अक्षीला लोक हे पक्षी बघायला येतात. त्या दिवशी पक्षी बघत होते.

पावणेएक झाले होते. जाळं विणत बसलेले एक कोळीबाबा उठून सावकाश आले. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं.

‘‘आज चवथ ना?’’

मी बायकोकडे पाहिलं. ‘‘संकष्टी,’’ ती म्हणाली. तिसऱ्यांदा.

‘‘मंग चार पाऊण तीन. तीनाला भरंल. पुनव होऊन चारच दिस झालं, उधाण अजून हाय.’’ त्यांनी बोट केलं. मला वाटलं समुद्राकडे करतील. त्यांनी माझ्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूला केलं. तिथे वाळलेलं शेवाळ, काटक्या आणि एका चपलेची रेघ होती. ‘‘तिथवर.’’

रेघ गाडीच्या वीस पावलं मागे होती.

हिशेब इतका सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती बिचारी फार वर चढत नाही. थोडक्यात, अडकायचंच होतं तर मी अष्टमी बघून अडकायला हवं होतं.

आणि याचा पाढा मला यायला हवा होता. आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. पावकी-निमकी पाठ केली, पाऊणकीला मी पोटदुखी काढली. पुढे बँकेत कॅल्क्युलेटर आला आणि आपण जिंकलो असं मला वाटलं. समुद्र मात्र पाऊणकीवरच चालत राहिला.

ट्रॅक्टरवाला आला. होड्या ओढायचा ट्रॅक्टर. त्याने माझी नंबरप्लेट वाचली, एमएच ०५.

‘‘कल्याण,’’ तो म्हणाला. मग गाडीकडे बघून, ‘‘झालं.’’

पंधराशे सांगितले. मी आठशे म्हटलं. समोर समुद्र येतोय, मागे साक्षीदार आहेत, आणि हा सद्गृहस्थ घासाघीस करतोय. आज आठवलं की कानशिलं तापतात. पण तेव्हा मला तो अडलेल्याला नाडणारा सावकार दिसत होता.

‘‘विचार करा साहेब,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘पाणी काय विचाराला थांबणार नाय.’’ आणि दुसऱ्या टोकाला एक होडी ओढायला निघून गेला.

दीड वाजता पहिला फेस पुढच्या चाकाला लागून गेला. हळूच, ओळख करून घ्यावी तसा. खारं पाणी इंजिनात गेलं तर काय, याचा मी मनात ताळेबंद मांडू लागलो : घसारा, विमा, साडू. सगळ्यांत मोठा आकडा साडूचा येत होता. मग मी संतापलो. फलकावर, फलक लावणाऱ्यांवर, फलक लावून मला अडवायला माणूस न ठेवणाऱ्यांवर, डॉक्टरांवर. ‘‘आराम करा म्हणे!’’ मी ओरडलो. पेरूवाल्यांनी मुलांना जवळ ओढलं.

कुणी उत्तर का देत नाही म्हणून मी वळून पाहिलं. बायको मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसली होती. खिचडीच्या डब्याचं झाकण घेऊन चाकाखालची वाळू उपसत होती. डबा तसाच भरलेला, बोनेटवर. सकाळपासून तिच्या पोटात दोन कप चहा होता. कपाळावर घामाला वाळू चिकटली होती, ती पुसायलाही हात मोकळा नव्हता.

ही संकष्टी तिने तीन वर्षांपूर्वी धरली. माझ्या हृदयात स्टेंट बसवला त्या महिन्यापासून. माझ्यासमोर कधी बोलली नाही. बोलली असती तर मी व्याजासकट काही तरी विनोद केला असता. महिन्यातून एकदा ती उपाशी राहते आणि मी तो अर्धा तास वेळापत्रकात जमा करतो.

मी शेजारी बसलो आणि हाताने वाळू काढू लागलो.

‘‘तुम्ही नका वाकू,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरांनी आराम सांगितलाय.’’ हसली नाही. मीही नाही. मग दोघंही हसलो, आणि तेवढ्यात लाट येऊन आमचं सगळं खोदकाम बुजवून गेली.

ट्रॅक्टर परत आला तो सहा माणसं, होडीचा जाड दोर आणि माडाच्या झावळ्या घेऊन. झावळ्या चाकांखाली सारल्या, दोर मागच्या हुकात अडकवला. मी ऐटीत ड्रायव्हरच्या सीटकडे निघालो.

‘‘साहेब नको. ताई बसू दे,’’ ट्रॅक्टरवाला कन्येकडे बघून म्हणाला. ‘‘ताई, रेस द्यायची नाय. नुसतं सरळ धरायचं.’’ मला त्यांनी गाडीच्या तोंडाशी उभं करून लोटायला लावलं. पश्चिम समुद्राचा अधिपती पश्चिम समुद्रात गुडघाभर उभा राहिला. पहिल्याच झटक्याला पुढच्या चाकांनी किनाऱ्याचा बराचसा भाग माझ्या अंगावर जमा केला. दुसऱ्या झटक्याला गाडीने सुटल्याचा आवाज केला. तिसऱ्याला ती निघाली, आणि आधार गेल्याने मी पाण्यात आडवा झालो. वेळापत्रकात ‘आराम (आडवा)’ लिहिलं होतं, त्यातला तेवढाच भाग पार पडला.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खिशातून ओल्या नोटा काढल्या. आता भाव वाढला असणार म्हणून तीन हजार पुढे केले. त्याने त्यातले अर्धे मोजून परत हातात ठेवले.

‘‘पंधराशे बोललोय ना.’’

त्याने तीन हजार घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. घरी जाऊन सांगायला एक लुटारू मिळाला असता.

कुणाच्या तरी विहिरीवर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतलं. घरच्यांना निघायची घाई होती, मी मात्र सुरूखाली बसून राहिलो. तीनला तीन मिनिटं कमी असताना पाणी त्या शेवाळाच्या रेघेला लागलं, चपलेला जरा हलवलं आणि थांबलं. तीन मिनिटांची तफावत. बँकेत असतो तर शेरा मारला असता, पण समोरच्याचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता.

रात्री पावणेदहाला डोंबिवलीत आम्ही बाल्कनीत उभे होतो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र आला, एका बाजूने थोडा झिजलेला, तांबूस. दुपारी ज्याने माझी गाडी मागितली होती तोच. तिने अर्घ्य दिलं, हात जोडले. गाडीखालच्या वाळूचे कण अजून तिच्या नखांत होते. आत टेबलावर फोन वाजत होता. साडूंना माझा फोटो मिळाला होता. कन्येने पाठवला होता, आडवा असतानाचा. ४३ अंगठे.

‘‘उद्या पंचमी,’’ ती आत वळता वळता म्हणाली.

‘‘पाच पाऊण पावणेचार,’’ माझ्या तोंडून निघून गेलं. आजोबांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

‘‘काय?’’

‘‘काही नाही. चल, आधी तुझं पान वाढतो.’’