सब-मीटरवाले मालक

राजारामपुरीच्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात आणि तिथला घरमालकही तसाच, सगळं मोजूनमापून ठेवणारा. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, पुढं क्लासेस आले, खोल्या शोधणारी गडहिंग्लज-चंदगडची, कराड-कुडाळची पोरं वाढत गेली आणि मालकानं भाड्यानं देण्याची एक कलाच सिद्ध केली. विजेला सब-मीटर. पाण्याला वेगळी टाकी, कॉकचा ताबा त्याच्याकडं. गाडी कुठवर लावायची ती रेघ ऑइल पेंटनं मारलेली. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला खिळे किती मारायचे इथपर्यंत कलमं. (मटणाविरुद्ध कलम तेवढं सहसा नसतं, कोल्हापुरात ते घातलं तर खोली रिकामी राहायची.) आणि इतकं सगळं वेगळं तोडणारा हा माणूस पोरगं ट्रंक घेऊन जिना चढायच्या आत सांगतो, "वायफाय आमचंच वापरा की! कशाला वेगळं घेतायसा? दोनशे जास्त द्या म्हणजे झालं."

त्याची चूक औदार्याची नाही, हिशेबाची आहे. नेट म्हणजे गच्चीवरची टाकी, पोरांनी रात्री मॅच बघितली की सकाळी आपल्या नळाला थेंब नाही, असं तो धरून चालतो. म्हणून त्याची सगळी चौकशी स्पीडची. वास्तविक बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा तीन हजार जीबीच्या पुढं असते. दोन पोरं रात्रभर सिनेमे बघूनही तिला हात लावत नाहीत. सांडतं ते वेगळंच. एकाच वायफायवर असलेल्या फोनला मालकाचा टीव्ही दिसतो, प्रिंटर दिसतो, गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर दिसतो, ज्याचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला तोच अजून चालू आहे. याचा साक्षात्कार होतो तो मालकीणबाई मालिका बघत असताना हॉलच्या टीव्हीवर वरच्या पोराचं रॅप सुरू होतं तेव्हा. दुसरी गोष्ट घराबाहेरची. अख्खी इमारत बाहेरच्या जगाला एकाच कनेक्शनची, म्हणजे मालकाच्या नावाची दिसते. वरच्या खोलीतून कुणी भानगड केली तर चौकशीची सुरुवात कागदोपत्री ग्राहकापासून होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात न चुकता देणारा माणूस स्वतःचं नाव मात्र असं वापरायला देऊन बसलेला असतो.

जागा झालेला मालक बाजारात जातो आणि हजार-बाराशेचा दुसरा राउटर आणतो. आपल्या राउटरमधून एक वायर काढायची, वरच्या मजल्यावर तो जोडायचा, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, झालं सब-मीटर! इथं त्याची खरी गंमत होते. राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. पोरांचा राउटर मालकाच्या मागं जोडला की पोरांच्या दृष्टीनं मालकाचं घर हेच 'बाहेर'. म्हणजे पोरं पत्ता टाकून मालकाच्या डीव्हीआरपर्यंत जाऊ शकतात आणि मालकाला पोरांचं काही दिसत नाही. स्वतःच्या पैशानं त्यानं भाडेकरूचं मालकापासून संरक्षण केलेलं असतं. हाच डाव नीट मांडायचा तर राउटर तीन लागतात: पुढं कंपनीचा, त्याच्या मागं एक मालकाचा आणि एक पोरांचा, दोघं सख्ख्या भावांसारखे शेजारी पण वेगळ्या चुलीचे.

यावर जाणकार भाचा म्हणतो, एवढं कशाला, गेस्ट नेटवर्क चालू करा. बरोबर आहे, एका खोलीपुरतं ते पुरतं, फक्त पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू न देण्याची खूण सेटिंगमध्ये आहे ना, ते बघावं. चार-पाच खोल्या असतील तर व्ही-लॅन हा सरळ मार्ग: वायर तीच, पण प्रत्येक खोलीच्या माहितीवर वेगळा क्रमांक चिकटतो. त्यासाठी राउटर आणि स्विच दोन्ही व्ही-लॅन जाणणारे हवेत; दुकानदार "हेबी तेच काम करतंय" म्हणून साधा स्विच गळ्यात मारतो, तो घेऊ नये. या पद्धतीत क्रमांकाला बारा बिट मिळतात, म्हणजे वापरण्याजोगे क्रमांक ४०९४. हा आकडा मालकासमोर उच्चारू नये. त्याची नजर लगेच गच्चीवर पत्रा टाकण्याकडं वळते.

पण यातलं कुठलंही यंत्र दुसरं दुखणं बरं करत नाही. आत भिंती कितीही घाला, बाहेर पाटी मालकाचीच. तिच्यावर उपाय एकच, पोरांच्या नावानं, पोरांच्या कागदपत्रांवर वेगळं कनेक्शन. चारशेच्या आसपासपासून प्लॅन मिळतात, दोघातिघांत वाटले तर मिसळीच्या दोन प्लेटी. मालकाचे आक्षेप ठरलेले. "पोरं चांगल्या घरची आहेत." असतीलच, पण फोनमध्ये शिरलेला व्हायरस घराणं विचारत नाही. "अकरा महिन्यांसाठी कोण कनेक्शन घेतंय?" हा आक्षेप मात्र खरा आहे, जोडणीचा खर्च बुडतो, आणि म्हणूनच वर्षाआड पोरं बदलणाऱ्या वाड्याला व्ही-लॅन परवडतो. न बोललेला आक्षेप वेगळाच आहे. भाडं तुंबलं की जिन्यातून "नेट बंद करीन हां!" म्हणता येतं, ती सत्ता वेगळ्या कनेक्शननं जाते. सब-मीटरच्या बाबतीत त्याला वेगळेपण हवं असतं. इथं त्याला दुरून दाबता येणारं बटण हवं असतं, आणि तसल्या बटणासाठी कुठलाही राउटर महागच पडतो. अखेर तो हट्टाला येतो तो भिंतीवर: "भोक पाडायचं न्हाई." फायबरची वायर उदबत्तीच्या काडीएवढी, आणि जुन्या डिशसाठी पाडलेलं भोक खिडकीशेजारी उघडंच आहे, डिश कधीच काढली. त्यातून वायर घाला म्हटलं की तो विचारात पडतो आणि म्हणतो, "उद्या डिश परत लावली तर?"