शेपटीवरचा पत्ता

इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधल्या तट्टूंना फोटोचं वावडं नाही. वावडं आहे ते समोरून काढलेल्या फोटोचं. कॅमेरा डोळ्याला लागला रे लागला, की मान खाली जाते, अंग वळतं आणि आमच्या घरच्या छायाचित्रकाराच्या वाट्याला येतं ते घोडीचं ऐसपैस ढुंगण. साउदम्प्टनला राहायला आल्यापासून नवऱ्यानं असे इतके फोटो जमवलेत, की नातेवाईक आता "घोडे कसे आहेत?" असं विचारतच नाहीत.

या तट्टूंना इथे अर्धरानटी म्हणतात. खाणंपिणं, बाळंतपण सगळं उघड्या माळावर, पण प्रत्येकाला मालक असतो. १०७९च्या सुमारास विल्यम राजानं हा मुलूख शिकारीसाठी राखून ठेवला, तरी गावकऱ्यांचा जनावरं चारायचा हक्क टिकला. तो आजही घराजमिनीबरोबर चालत येतो. त्यावर देखरेख करणारं व्हर्डरर मंडळींचं कोर्ट लिंडहर्स्टला अजून भरतं आणि तिथे कुणीही उभं राहून गाऱ्हाणं घालू शकतं. हे सगळं मी सासूबाईंना तपशीलवार सांगितलं.

"गायरान म्हण की सरळ," त्या म्हणाल्या.

ब्यूली रोड स्टेशनातून बाहेर पडलं की माळच लागतो. नवऱ्याला हेदरच्या फुलांच्या जांभळ्या गालिच्यावर पांढरी घोडी हवी होती. हेदर फुलतं ऑगस्टमध्ये आणि आम्ही गेलो मे महिन्यात, त्यामुळे गालिचा तपकिरी होता. घोडीही तपकिरी. फुललं होतं ते गॉर्स: अंगभर काटे, त्यावर पिवळीधमक फुलं आणि वासाला चक्क खोबरं. सासूबाईंनी आधी माझ्या केसांचा वास घेतला, मग झुडपाचा.

ते काटेरी झुडूप घोडी खात होती. घाई नाही. वरचा ओठ बोटांसारखा पुढे काढून कोवळा शेंडा चाचपायचा, काटे एका अंगाला वळवायचे आणि मग कुरकुर चावायचं. त्या ओठावर चांगली झुबकेदार मिशी होती आणि मिशीत एक पिवळी पाकळी अडकलेली. इथल्या बऱ्याच तट्टूंना मिशा येतात. गॉर्सच्या काट्यांमुळे, असं लोक सांगतात. हे दृश्य मिनिटभर आमच्या अगदी समोर होतं. नवरा तेव्हा लेन्स बदलत होता.

सासूबाईंनी पिशवीतून दशमी काढली, तेव्हा मात्र मी आडवी आले. खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. २०२३मध्ये त्याला दंडही लागू झाला. खाऊची चटक लागली की तट्टू रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. "मग मीच खाते," असं म्हणून त्या घोडीकडे पाठ करून जेवल्या.

परतताना कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याच्या कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. त्यांची स्वतःची तट्टं माळावर होती. आम्ही आपले ओशाळलेलो. त्या मात्र एकेक ढुंगण कौतुकानं न्याहाळत होत्या. शरद ऋतूत तट्टू गोळा करतात, तेव्हा चराईचे पैसे भरल्याची खूण म्हणून शेपटीचे केस कापतात. हे काम करणाऱ्या एजिस्टर लोकांचा आपापला भाग ठरलेला आणि प्रत्येकाची कापायची तऱ्हा वेगळी. शेपटी पाहिली की मालक कुठल्या बाजूचा ते कळतं. बाईंनी आमच्या फोटोंवरून भराभर पत्ते सांगितले.

नवऱ्याची छाती फुगली. तो तसाच मागे धावला, एका घोडीच्या मागे सुरक्षित अंतरावर पालथा पडला आणि शेपटीवर नेम धरला. घोडीनं शेपटी उचलली.

फोटो अतिशय स्पष्ट आला आहे.

सासूबाई जवळ जाऊन त्या वाफाळत्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिल्या. परसातल्या कुंडीतला गुलाब वर्षभर रुसलेला होता. मग दशमीची रिकामी पिशवी झटकत मला म्हणाल्या, "काय गं, ते तुझं कोर्ट लिदीबद्दल काय म्हणतं?"